लिटरला अकरा! गाडी एवढं पेट्रोल का पिऊलालीय?

टॉवेलवाला

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

गाडी २०१७ची, १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, साधे गिअर. रनिंग ६२ हजार. राहायला जुळे सोलापुरात, कामाला अक्कलकोट रोड एमआयडीसीत. टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघतो. सकाळी पोरीला शाळेत सोडायचं आणि पुढं जायचं, एका बाजूचं आठ-नऊ किलोमीटर. मध्ये आसऱ्याचा पूल, कायम गाड्यांनी तुंबलेला. ज्याला तो पूल माहीत आहे त्याला पुढचं सांगायची गरज नाही.

पूर्वी एसी लावून गावात पंधरा-साडेपंधरा मिळायचं, पुण्याला गेलं की वीस. गेल्या उन्हाळ्यानंतर जे घसरायला लागलं ते आता अकरावर येऊन बसलंय. बायको म्हणते, रिक्षानं जा, स्वस्त पडेल. हिशेब करून बघितला. फार चुकीचं बोलत नाही ती.

आतापर्यंतचे उपाय : एअर फिल्टर नवा, चारही प्लग नवे, इंजेक्टर क्लीनिंग आणि टाकीत ओतायची एक बाटली, जिच्यावर मोठ्या अक्षरात 'मायलेज बूस्टर' लिहिलेलं होतं. एकूण ६,४०० रुपये. फरक शून्य. जो तो म्हणतो ई-२० पेट्रोलमुळं (वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं) आहे, आता असंच चालायचं. खरंच का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

हुरडापार्टी

मी पयला!

गाडी विका, इलेक्ट्रिक घ्या. विषय संपला बे.

मापात_पाप

एअर फिल्टर, प्लग वगैरे सगळं झूट. पंप बदलून बघा. लिटर म्हणून नऊशे मिली देतात आणि आपण गाडीला शिव्या घालतो. मी तर कधीच पाचशे-हजारचं टाकत नाही, ५१०, १०२० असं टाकतो. पहाटे टाकतो, गार असताना. पेट्रोल घट्ट असतं.

कंबरतलाव

@मापात_पाप, मेव्हण्याचा पंप आहे, म्हणून दोन शब्द. पंपावर शिक्का मारलेलं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं, आणि मागितलं की समोर ओतून दाखवावं लागतं. पाच लिटरमागे २५ मिली इकडंतिकडं चालतं, त्यापलीकडं गेलं तर वैधमापन खात्याकडं तक्रार करा. शंका असेल तर ते माप मागा. ५१० रुपयांच्या तोडग्यानं मशीन फसत नाही, उगाच सुट्टे पैसे शोधत बसावं लागतं.

आणि पहाटेचं म्हणाल तर टाकी जमिनीखाली असते. वर बेचाळीस डिग्री असो नाहीतर पंधरा, खालच्या पेट्रोलला दिवसभरात फारसा फरक पडत नाही. पहाटे या जरूर, गर्दी कमी असते.

वहीतली_नोंद

टॉवेलवाले, आधी एक विचारते. अकरा हे काढलं कसं? हजाराचं टाकलं आणि काट्यावर नजर ठेवली, असं असेल तर तो आकडा सोडून द्या. काटा वरच्या अर्ध्यात निवांत बसतो आणि खाली आला की धावत सुटतो. स्क्रीनवर दिसणारं अ‍ॅव्हरेजही पुष्कळदा वाढवून दाखवतं. माझ्या गाडीत ते कायम एक-दीडनं जास्त असतं.

पद्धत एकच. टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा 'कट' झालं की थांबायचं. पोरगं "मॅडम, राउंड फिगर करू का" म्हणालं तरी नाही म्हणायचं. ट्रिप मीटर शून्यावर. दोन-तीनशे किलोमीटर फिरल्यावर त्याच पंपावर, शक्यतो त्याच मशीनवर परत पहिल्या कटपर्यंत. किलोमीटर भागिले लिटर. एका टाकीवर विश्वास ठेवू नका, दोन-तीन करा.

मी मोहोळला शाळेवर जाते, रोज जाऊन-येऊन सत्तरेक किलोमीटर. २०१९ पासून वही आहे. त्या वहीनं मला शिकवलेली गोष्ट म्हणजे मोहोळ रोडवर ८०नं गेले की २०.८ पडतं आणि उशीर झाला म्हणून १००नं हाणली की १७.६. गाडी तीच, रस्ता तोच, बाई तीच. पोचायला फरक पडतो पाच-सहा मिनिटांचा.

भिगवणचा_बगळा

ताईंच्या वहीला दंडवत.

मूळचा सोलापूरचा, आता नोकरीनिमित्त पुण्यात, महिन्यातून दोनदा घरी. गाड्यांच्या सेन्सरशी कामाचा संबंध येतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी ताईंचं ८० आणि १००. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. ८०चे १०० केले की वेग सव्वापट होतो, विरोध दीडपटीच्या वर जातो. म्हणून हायवेवर अ‍ॅव्हरेज वाढवायचं सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे उजवा पाय. ते टॉवेलवाल्यांना लागू नाही, कारण आसऱ्याच्या पुलावर ८०नं जायचं म्हणजे पंखच लावावे लागतील.

आता ई-२०. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, इथेनॉलमध्ये २१च्या आसपास. वीस टक्के मिसळलं की मिश्रणात शुद्ध पेट्रोलपेक्षा सातेक टक्के ऊर्जा कमी. पण तुमची गाडी त्याआधी शुद्ध पेट्रोलवर नव्हतीच. २०२२ पासून दहा टक्के मिसळलेलं येतच होतं. दहावरून वीसवर गेल्याचा फरक साडेतीन टक्क्यांच्या आसपास निघतो. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातही ई-१०च्या बेतानं जुळवलेल्या जुन्या चारचाकींना सहा-सात टक्के घट धरलेली आहे, तीही शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत. पाहिजे तर सगळेच्या सगळे सात टक्के धरा. साडेपंधराचे साडेचौदा होतील. अकरा होणार नाहीत! उरलेले साडेतीन कुठं गेले ते शोधायचंय.

(रबरी नळ्या आणि सील हा वेगळा विषय आहे, त्यावर वेगळा धागा काढा. इथं नको, नाहीतर पाचशे प्रतिसाद होतील आणि गाडी बाजूला राहील.)

एअर फिल्टरबद्दल. कार्ब्युरेटरच्या काळात फिल्टर तुंबला की अ‍ॅव्हरेज खरंच पडायचं. आता हवा किती येते ते सेन्सर मोजतो आणि तेवढंच पेट्रोल सोडलं जातं. अमेरिकेतल्या ओक रिज प्रयोगशाळेनं २००९ मध्ये मुद्दाम फिल्टर तुंबवून हे तपासलं होतं. अ‍ॅव्हरेज जवळपास जागचं हललं नाही, पिकअप मात्र पडला. फिल्टर बदललात ते चांगलंच केलंत, धूळ काय सोलापुरात कमी आहे का? पण त्यानं अकराचे पंधरा होणार नव्हते. बाटलीबद्दल न बोललेलं बरं.

कंपनीचा आकडा कुणी काढायच्या आत सांगतो : तो आकडा प्रयोगशाळेत रोलरवर गाडी चालवून येतो, ठरलेल्या चक्रानुसार, जास्तीत जास्त ९०चा वेग, एसी बंद. त्यात आपला पूल नसतो, रिक्षा नसतात, आणि डिव्हायडरवरून दोरी तोडून आलेली म्हैस तर नसतेच.

हुरडापार्टी

म्हशीला +१

तुळजापूर_नाका

चाकातली हवा बघितली का हो? सगळ्यात आधी ते. आणि गाडी सपाट जागेवर न्यूट्रलला घालून ढकलून बघा. जड लागली तर ब्रेक धरतोय. पाच-दहा किलोमीटर ब्रेक कमी मारत चालवा आणि चारी चाकांजवळ हात न्या, लावू नका. एकच चाक भट्टीसारखं तापलं असेल तर चोर तिथंच. माझं पुढचं डावं असंच धरत होतं, कॅलिपरची पिन सुकलेली. पिन साफ करून ग्रीस लावलं, दोनशे रुपयांत काम. त्याआधी मीपण इंजिन उघडायला निघालो होतो.

टॉवेलवाला

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं.

ताईंनी बरोबर पकडलं. मी हजाराचं टाकून काट्यावरच काढत होतो. अकाउंटंट असून! आज टाकी फुल करून ट्रिप शून्य केलीय. पोरगं राउंड फिगर करत होतं, हात धरला त्याचा.

हवा बघितली. ड्रायव्हरच्या दारामागच्या खांबावर ३३ लिहिलंय. माझ्या चाकांत २५, २४, २७ आणि मागच्या डाव्यात २२. लाजच वाटली. चारही ३३ केली. टायरवाला म्हणाला, उन्हाळ्यात वाढते म्हणून कमीच ठेवायची असते, सगळे तसंच करतात.

ढकलून बघितली, हलकी जाते. चाकंही सारखीच कोमट. बाकी गाडी ठणठणीत आहे हो, आवाज नाही, धूर नाही. उलट मे महिन्यात तापत होती, ते दुखणंही तेव्हाच गेलं.

भिगवणचा_बगळा

टायरवाल्याचं ऐकू नका. खांबावरचा आकडा गार टायरसाठीच असतो, उन्हानं आणि पळण्यानं चढणारी हवा त्यात धरलेली असते. मोजायची ती सकाळी, गाडी निघायच्या आधी. कमी हवेचा टायर जास्त दबतो आणि जास्त तापतो, उन्हाळ्यात फुटतो तो बहुतेक तसलाच. तुमच्या चाकांत आठ-नऊ पौंड कमी होती, त्याचा हिशेब दोनेक टक्क्यांचा होईल. चोर सापडला, पण भुरटा.

निवृत्त_पाना

मी इथं लिहीत नाही फारसं. टाइप करायला बोटं जाड. मोठ्या गाड्यांवर एकतीस वर्षं पाना चालवलाय, आता घरी बसून नातवाला शिकवूलालाव.

साहेब, तुम्ही शेवटाला एक वाक्य घातलंय ना, मे महिन्यात तापत होती, आता तापत नाही. ते कसं थांबलं, काय केलं, ते जरा सविस्तर सांगा. सगळी गोम तितंच हाय असं मला वाटूलालंय.

आणि तुमच्या गाडीत टेम्परेचरचा काटा हाय का निळा दिवा, इंजिन गार असेपर्यंत पेटतो त्यो? निळा असंल तर सकाळी चालू केल्यावर कुठवर पेटलेला राहतो ते बघा.

टॉवेलवाला

काका, नमस्कार. काटा नाही, निळा दिवाच आहे.

मे महिन्यात पुलावर अडकलो की लाल दिवा यायचा. एका गॅरेजला दाखवली (नाव विचारू नका, त्यांच्याच गल्लीत आमचे नातेवाईक राहतात). संध्याकाळी गाडी परत, म्हणाले कायमचा इलाज केलाय, आता आयुष्यात तापणार नाही. खरंच तापली नाही. बिल आज शोधून काढलं. 'कुलिंग काम' आणि इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, एवढंच लिहिलंय.

निळा दिवा आज मोजला. घरून सात वीसला निघालो. पूर्वी कॉलनीच्या तोंडाशीच जायचा असं आठवतंय. आज पूल ओलांडला, पोरीला शाळेत सोडलं, तरी पेटलेला. पोरगी उतरताना म्हणाली, "बाबा, हा निळा दिवा छान दिसतो ना." मी इतके महिने तो बघतच होतो, पण लाल नाही ना, मग बरंच आहे, असं धरून.

निवृत्त_पाना

थर्मोस्टॅट काढून टाकलाय त्येनी.

हुरडापार्टी

काका एका ओळीत निकाल. टाळ्या.

भिगवणचा_बगळा

काकांना साष्टांग. मी सेन्सर, इंजेक्टर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असं सगळं मनात घोळवत बसलो होतो आणि काकांनी 'तापत नाही' या शब्दावर बोट ठेवलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन आणि रेडिएटर यांच्यातला दरवाजा. त्यात पितळी डबीत मेणाची गोळी असते. इंजिन गार असताना दरवाजा बंद, कुलंट इंजिनातल्या इंजिनातच फिरतं आणि दोन-चार मिनिटांत गरम होतं. ८२ ते ८८ डिग्रीच्या आसपास मेण वितळून फुगतं, दांडी ढकलतं, दरवाजा उघडतो आणि पाणी रेडिएटरकडं जातं. वीज नाही, सेन्सर नाही, साधं मेण.

तो काढला की कुलंट पहिल्या सेकंदापासून रेडिएटरमधून फिरत राहतं. इंजिनला ऊब येतच नाही. गार इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही, म्हणून गाडीचा मेंदू जास्त पेट्रोल सोडतो. ओल्या लाकडाची चूल पेटवताना आपण दोनदा जास्त रॉकेल ओततो तसं. वर ऑइलही गार आणि जाड, त्यात तुमचं २०डब्ल्यू-५०! या इंजिनांना बहुतेक ५डब्ल्यू-३० किंवा त्याहून पातळ लागतं, मॅन्युअल बघा. दोन्ही 'इलाज' एकाच समजुतीतून आलेत : तापतंय ना, मग थंड करा, जाड करा.

खात्री करायची तर ओबीडी डोंगल (गाडीच्या मेंदूतले आकडे वाचणारं छोटं यंत्र) मिळतं, स्टिअरिंगखाली लावायचं आणि मोबाइलवर कुलंटचं तापमान बघायचं. ८५ ते ९५ च्या दरम्यान स्थिर पाहिजे. पी०१२८ असा कोड दिसला तर कुलंट पाहिजे तेवढं तापत नाही असा त्याचा अर्थ.

वहीतली_नोंद

डोंगल नसेल तर हीटर लावून बघा. वीस मिनिटं गाडी चालवल्यावर हीटर फुल गरमवर. हवा कोमट आली तर समजा.

मापात_पाप

सोलापुरात हीटर?? ताई, आमच्याकडं घर उन्हानं तापतं.

टॉवेलवाला

ताई, खरं सांगतो, हे बटण आठ वर्षांत कधी फिरवलंच नव्हतं. लाल बाजूकडं न्यायचं हेसुद्धा माहीत नव्हतं. आज सकाळी गारवा चांगला होता. एमआयडीसीत पोचल्यावर लावलं. आधी आठ वर्षांची धूळ तोंडावर आली, मग हवा. आजारी माणसानं फुंकर मारल्यासारखी, ना गार ना गरम.

ऑफिसातल्या एका पोराकडं डोंगल निघालं. पुलावर रखडलो तेव्हा ७१ दाखवत होतं. रविवारी मुद्दाम मोहोळ रोडला नेली, ८०च्या वेगात आकडा वर जायच्या ऐवजी खाली उतरत गेला. ६६, ६३, ६०. सावळेश्वर टोलनाक्यावर थांबलो तर परत चढला. भर दुपारी, ऊन असताना!

आणि टाकी ते टाकी : ३१८ किलोमीटर, २७.९ लिटर. म्हणजे ११.४. अंदाज फार चुकला नव्हता म्हणायचं.

निवृत्त_पाना

पळताना वारं लागतंय म्हणून उतरतंय. थांबलं की वारं न्हाई, म्हणून चढतंय. बरोबर हाय.

आता ऐका. नुसता थर्मोस्टॅट बसवू नका, न्हाईतर मे महिन्यात परत लाल दिवा येईल आन् तुम्ही म्हणाल काकांनी घालवलं. गाडी मुळात का तापत होती ते कुणीच बघितलं न्हाई. जुन्या डिझेल गाड्यांत उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढायची सवयच होती सगळ्यांना, माझ्या हातानंबी काढलेत. त्या गाड्यांना मेंदू नव्हता, खपून जायचं. आताच्या गाडीला ते कळतंय.

पुलावर उभी असताना तापते आन् पळताना तापत न्हाई, म्हंजे एक तर फॅन लागत न्हाई, न्हाईतर रेडिएटर आतून भरलाय. तुम्ही कुलंट टाकता का बोअरचं पाणी?

टॉवेलवाला

काका, बोअरचंच. सोसायटीच्या नळाची बाटली डिकीत असते. कमी झालं की ओततो.

निवृत्त_पाना

त्या बोअरच्या पाण्यानं घरातली किटली आतून कशी पांढरी होते ते बघितलंय का? तसंच रेडिएटरच्या नळ्यांचं झालंय. सोलापूरचं बोअरचं पाणी लई क्षाराचं. रेडिएटर धुवून घ्या, फॅनचा रिले, म्हंजे फॅनला वीज सोडणारा स्विच, बघा, कुलंट अर्धं आन् डिस्टिल्ड वॉटर अर्धं घाला. थर्मोस्टॅट नवा, त्येचं पॅकिंग नवं. ऑइल पुस्तकात लिहिलंय ते.

आन् थर्मोस्टॅट बसवायच्या आधी घरी उकळून बघा. सुतळीला बांधून पातेल्यात सोडा, बुडाला टेकू देऊ नका. गार पाण्यात फट दिसली तर परत द्या.

टॉवेलवाला

रात्री हा प्रयोग केला. बायकोनं नवीन पातेलं द्यायला साफ नकार दिला, पोळी-भाजी केंद्रवाल्यांकडून आलेलं एक जुनं दिलं. सुतळीला थर्मोस्टॅट, सुतळी उलथन्याला, उलथनं पातेल्यावर आडवं. पोरगी स्टुलावर उभी राहून बघत होती.

तळाशी बारीक बुडबुडे धरले तरी काही नाही. पाणी सळसळायला लागलं तरी नाही. मी म्हटलं, फसवलं. आणि मग मधली चकती एकदम न उडता, हळू उचलायला लागली, नखाएवढी, मग जवळजवळ बोटभर. गॅस बंद केला तर पाणी निवताना तितक्याच सावकाश परत बसली. पोरीनं तीन वेळा करायला लावलं. चहा राहिला.

काल दुसऱ्या गॅरेजात बसवून घेतला. रेडिएटर धुतला तेव्हा जे पाणी निघालं ते चुन्याच्या निवळीसारखं. फॅनचा रिलेही मधूनमधून अडकत होता, तोच मे महिन्याचा मूळ रोग. जुन्या जागी थर्मोस्टॅट खरंच नव्हता, नुसतं पॅकिंग दाबून बसवलेलं. एकूण बिल ३,९५० : थर्मोस्टॅट, रिले, फ्लशिंग, कुलंट, ऑइल आणि मजुरी.

निळा दिवा आज आसऱ्याच्या अलीकडंच गेला. पोरगी नाराज.

भिगवणचा_बगळा

वा! आता डोंगलवर काय येतंय?

टॉवेलवाला

८८ ते ९३. मोहोळ रोडला ९०वर चिकटून बसतो. पुलावर ९६ झाले, फॅन भणाणला, परत ९१.

तुळजापूर_नाका

आता एक टाकी होऊ द्या, मग आकडा टाका. पार्टी हुरड्याची की कशाची ते ठरवू.

हुरडापार्टी

हुरडा माझ्याकडं लागला. शेंगा चटणी आणि गूळ धागाकर्त्याकडं.

मापात_पाप

थर्मोस्टॅट ठीक आहे, पण मी अजून म्हणतो एकदा माप मागून बघा.

(अवांतर : काल मी स्वतः मागितलं. पाच लिटरला रेघेवर बरोबर निघालं. पंपवाला वर चहा पाजत होता. आता कुणावर संशय घ्यावा कळत नाही.)

कंबरतलाव

@मापात_पाप, आयडी बदला आता.

टॉवेलवाला

उशिराबद्दल क्षमस्व. गड्ड्याच्या यात्रेत पाहुणे होते, मग कारखान्याचं ऑडिट. दोन टाक्या झाल्या.

पहिली : २८९ किलोमीटर, २१.१ लिटर. १३.७.
दुसरी : ३०४ किलोमीटर, २१.६ लिटर. १४.१.

म्हणजे अकराचे चौदा झाले, पण साडेपंधरा काही आले नाहीत. थोडी निराशा झाली हे कबूल करतो. अजून काही राहिलंय का?

वहीतली_नोंद

आधी शाबासकी, मग ओरडा. हवा, ऑइल आणि थर्मोस्टॅट सगळं एकदमच केलंत, आता कुणी किती दिलं ते कळायचा मार्ग नाही. एकेक करून एकेक टाकी बघायची असते. पण घरात कर्ता माणूस पेट्रोल जाळत असताना एवढा धीर कोण धरतो म्हणा.

भिगवणचा_बगळा

निराश कशाला? ई-२०चा वाटा घातला तर तुमचे जुने साडेपंधरा आज साडेचौदा-पंधरा धरायचे. चौदा म्हणजे तुम्ही घरी पोचलात, फक्त फाटकात उभे आहात.

उरलेलं तुमच्या रस्त्यात आहे. छोटं इंजिन नुसतं चालू ठेवलं तर तासाला पाऊण लिटरच्या आसपास पितं, एसी लावला की लिटरच्या आसपास. पूल, शाळेचं फाटक, सिग्नल मिळून दिवसाला वीस मिनिटं उभे असाल तर पाव ते तिसरा हिस्सा लिटर तिथंच. तुमचं रोजचं रनिंग अठरा किलोमीटर, लागतं सव्वा लिटर. बघा किती मोठा भाग उभ्याउभ्या जातो तो. शाळेपुढं पोरगी येईपर्यंत इंजिन बंद करा, पुलावर ट्रक अडकलेला दिसला तरी बंद करा. अर्ध्या मिनिटाच्या वर थांबायचं असेल तर बंद केलेलं परवडतं.

दुसरं, आठ-नऊ किलोमीटरच्या फेरीत पहिले दोन-तीन किलोमीटर गार इंजिनाचेच असणार. त्याला इलाज नाही. शनिवारी बाजार, दवाखाना, सासुरवाडी अशा तीन वेगळ्या फेऱ्या मारता त्या एकत्र करता आल्या तर बघा. आणि उन्हाळ्यात गाडी उन्हात तापलेली असेल तर लगेच एसी फुल करू नका. एक मिनिट चारी काचा खाली घेऊन चालवा, भट्टीतली हवा बाहेर जाऊ द्या, मग एसी, आतली हवा फिरवायच्या बटणावर.

निवृत्त_पाना

डिकीतली बोअरच्या पाण्याची बाटली काढली का न्हाई?

टॉवेलवाला

काढली काका. डिस्टिल्डची ठेवलीय. सोबत एक छत्री, पोरीची सायकलची चेन, टॉवेलचे दोन गठ्ठे आणि मागच्या वर्षीच्या गणपतीचं मखर निघालं. मखर बायकोनं परत ठेवायला सांगितलंय.

हुरडापार्टी

मखराचं अ‍ॅव्हरेज वेगळं काढा बे.

टॉवेलवाला

ता. क. शाळेपुढं आणि पुलावर इंजिन बंद करायला लागल्यापासूनची पहिली टाकी : २९७ किलोमीटर, २०.३ लिटर. १४.६.

पुढच्या टाकीत कमी येणार, आत्ताच सांगून ठेवतो. परवा पुलावर उसाचा ट्रॅक्टर बंद पडला होता, पाऊण तास. मागचा माणूस हॉर्न वाजवत होता आणि मी इंजिन बंद करून बसलो होतो, एसी नाही, काचा खाली. पोरगी म्हणाली, "बाबा, आता तुम्हीच तापलात."